कापलेल्या बॅटरीवर जळालेला बल्ब

मी भुताखेतांचा माणूस नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. धुळ्याला आग्रा रोडवर माझं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि त्या अख्ख्या लाइनीत दाराला लिंबू-मिरची न टांगणारा मी एकटा. शेजारी चिडवायचे. मी म्हणायचो, लिंबात ॲसिड असतं खरं, पण माझ्या बॅटरीला ते पुरत नाही! अंगात येणाऱ्या बायका, उतारे, मुंजे — सगळ्यांची यथेच्छ टिंगल केलेला माणूस आहे मी. त्यामुळे खालचं वाचून कुणी माझी टिंगल केली, तर मला राग येणार नाही.

साल सत्तरच्या आसपासचं. महिना वैशाख, खानदेशचा वैशाख.

शिंदखेड्याला एका धर्मादाय दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. तापीकाठच्या खेड्यांत जाऊन अडलेल्या बायका सोडवायच्या. रस्ते म्हणजे बैलगाडीच्या वाटा आणि नाले, म्हणून त्यांना एक जुनी जीप दिलेली होती, चारी चाकं ओढणारी. त्या जीपला बॅटऱ्या दोन. एक बॉनेटखाली, गाडी चालू करायला. दुसरी मागच्या सीटखाली, आणि तिच्यावर फक्त एकच काम — दिवा. जीप दारापाशी उलटी लावायची, लांब वायर घरात न्यायची आणि बाईंच्या डोक्यावर दिवा धरायचा. आमच्याकडची धाब्याची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको... वर मातीचं सपाट छत, खिडकी नावाला, भर दुपारी आत कंदील लागतो. वीज तर त्या गावांत पोचलीच नव्हती.

तर ही दिव्याची बॅटरी दम टाकायला लागली होती. जीपचा ड्रायव्हर आनंदा एका दुपारी ती घेऊन दुकानात आला.

"भाऊ, धा मिन्टं जळस आन् लाल पडी जास. बाईसनी सांगेल शे, उद्या सकायले नवी पाह्यजे म्हंजे पाह्यजे."

मी म्हटलं, उद्या कशी होईल? आमच्याकडे त्या काळी बॅटरी नवी म्हणजे पेटीत नव्या प्लेटा भरायच्या, ॲसिड ओतायचं आणि पहिलं चार्जिंग अगदी मंद करंटवर पुरे दोन दिवस करायचं. पहिलं चार्जिंग घाईत केलं, की प्लेटा तापून वाकतात. हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला दमात घेऊन शिकवलेलं.

आनंदा खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुनी बहीणना दिन भरी ग्यात. कालदिन बाई तठेच जायेल व्हत्यात. पोर आडवं शे म्हंतस."

माझी बहीण कमल. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणीसुद्धा मी घातलेली आहे, आणि ती इतकी वाकडी यायची की शाळेत मुली हसायच्या. मोठी झाल्यावर मला म्हणायची, "भाऊ, तुझ्या अंगाला ॲसिडचा वास येतो, तुला बायको कोण देईल रे?" पहिलं बाळंतपण मी धुळ्याला माझ्याकडे केलं. दुसऱ्याला ती आली नाही. सासूचं मांडीचं हाड मोडलेलं, तिला सोडून कशी येऊ, म्हणाली. मी दोनदा जाऊन भांडून आलो, पण उपयोग झाला नाही. गाव तापीच्या काठचं. नाव लिहीत नाही, तिच्या सासरची माणसं अजून तिथे आहेत.

आनंदाचं ऐकून मी म्हटलं, सकाळी ये, बॅटरी तयार असेल.

निघताना तो म्हणाला, "जुनी बी राहू दे मांगे. अडीनडीले काम येई."

मी नाही दिली. आमच्या धंद्यात रीतच होती, मेलेली बॅटरी गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायची नाही. पडून राहिली की तिला थोडा जीव येतो, दोन मिनिटं बल्ब लागतो, आणि मग गिऱ्हाईक बोंबलत येतं — चांगली होती, तुम्हीच फसवलं! म्हणून मेली की लगेच फोडायची. आनंदाला मी वर ऐकवलं, "मेलेलं काय गाडीत घेऊन फिरतोस?"

त्या रात्री मी चार्जिंगचा करंट तिप्पट ठेवला. ‘अति घाई संकटात नेई’ हे ट्रकच्या मागे लिहिलेलं आयुष्यभर वाचलं आणि दुसऱ्यांना वाचून दाखवलं. पहाटे पेटीला हात लावला तर चटका बसला. ॲसिडचं माप घेतलं, ते बरोबर आलं, आणि मी मनाची समजूत घातली. दहा वाजता आनंदा नवी बॅटरी घेऊन गेला.

मग मी जुनी घेतली. ॲसिड बरणीत ओतलं. दोन पाण्यांनी धुतली आणि उन्हात पालथी घातली. तासा-दोन तासांनी बाकावर आणून, पेटीतली सहा घरं, म्हणजे सेल, एकमेकांना जोडणाऱ्या वरच्या शिशाच्या पट्ट्या करवतीने कापल्या. म्हणजे बघा — आत ॲसिड नाही, घराचा घराशी संबंध नाही. ज्याला यातलं कळतं त्याला मी काय सांगतोय ते समजेल. आता ती बॅटरी नव्हती, नुसतं खोकं होतं.

माझ्याकडे तपासणीचा एक बल्ब होता, मोटारीच्या हेडलाइटचा, दोन वायरी आणि टोकांना दोन चिमटे. ते हरवू नयेत म्हणून बाकावर जी काही भंगार पेटी असेल तिच्या दोन टोकांना अडकवून ठेवायचो. खुंटीला सदरा अडकवतो ना, तसं. त्या दिवशीही तसेच अडकवले आणि जेवायला बसलो.

अडीचच्या सुमारास बाकाकडे नजर गेली. बल्ब लागलेला होता.

पिवळा, मिणमिणता नाही. पांढराशुभ्र, भरलेल्या बॅटरीवर लागतो तसा.

पहिल्यांदा वाटलं, चार्जिंग बोर्डाची एखादी वायर टेकली असेल. मेन स्विच पाडला. बल्ब चालूच. पेटी उचलून दुसऱ्या टोकाला नेली — हलकी, रिकामी. पालथी केली, थेंब पडला नाही. चिमटे तसेच, बल्ब तसाच. काचेला बोट लावलं तर भाजलं. पेटी परत बाकावर ठेवली.

शेजारी स्पेअर पार्टवाले मोतीशेठ होते. मारवाडी, वयाने वडील, पण माझी त्यांच्याशी थट्टामस्करी चालायची. त्यांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, कापलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

इथेच माझं डोकं फिरलं. मला कारण हवं होतं आणि हा माणूस चपला काढतोय!

तासाभरात वीस-पंचवीस माणसं जमली. चहावाला, टायरवाला, ट्रकचे ड्रायव्हर. एकाने कण्हेरीची फुलं आणून ठेवली. दुसऱ्याने उदबत्ती लावून ॲसिडच्या बरणीच्या कडेला खोचली. एक म्हातारी बल्बकडे बघून नातवाचं दुखणं सांगायला लागली. आणि सगळे मधूनच माझ्याकडे बघून हसत होते... काय भाऊ, आता? लिंबू टांगणार का? आयुष्यभर ज्यांची टर उडवली, ती सगळी माझ्याच दुकानात, माझ्याच बाकासमोर हात जोडून उभी.

गिरणीचा चारचा भोंगा झाला. मी उठलो.

"बस झाला तमाशा," म्हटलं. "वायरीचा काहीतरी दोष आहे. हे बघा."

मोतीशेठनी माझा दंड धरला. "भाऊ, राहू दे. जळतंय ते कुणासाठी तरी जळत असेल. तुझं काय जातंय?"

मी हात सोडवून घेतला आणि एक चिमटा काढला. बल्ब विझला. "पाहिलंत? संपला तुमचा देव," म्हणालो, आणि हसलो. लोक पांगले. मग कुणी नाही असं पाहून चिमटा परत लावला. नाही लागला. उलटा लावला, घासून लावला, बल्ब बदलला. पुन्हा काही तो लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने कमलच्या गावचा माणूस आला. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. मी पोचलो तोवर तिला नदीवर नेण्याची तयारी झाली होती. मला फक्त तोंड दिसलं, बाकी सगळं झाकलेलं. भाळभर कुंकू, सवाष्ण गेली म्हणून. मी तिथे रडलोसुद्धा नाही. ॲसिडने भाजलेल्या माझ्या बोटांकडे बघत बसलो होतो.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोर आडवं होतं. आतून फिरवून काढावं लागलं. तुमच्या बॅटरीमुळे दिसलं तरी. मुलगी वाचली, ती त्या उजेडामुळे. नंतर रक्त जायला लागलं. कुठून येतंय ते मला सापडलं होतं, टाके घालायला घेतले होते... आणि दिवा गेला."

कंदील होता, पण कंदिलाने टाके पडत नाहीत. आनंदाने वायर पुढच्या बॅटरीला जोडायची म्हटलं तर ती पुरेना. जीप त्या बोळात वळवून तोंड दाराकडे करण्यात पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात सगळं संपलं.

स्मशानातून परतताना आनंदा माझ्याजवळ आला.

"भाऊ, एक सांगू का? ती नवी बॅटरी तं सुरवातलेच गयी व्हती. अडीच वाजता लाइट लाल व्हयना, मंग बठ्ठा अंधार. मी म्हनं, आते काय करवा? जीपकडे पयत गऊ, तं मांगथून बाई वरडनी — उना रे उना लाइट! मी हात बी नही लावा, भाऊ. तुनी कमलनी आन, नही लावा. मंग दीड तास असा पांढरा जळना... आन् टक् करी बंद."

"किती वाजता?" मी विचारलं.

"बाईसनी घड्याळ पाहेल व्हतं. चार."

नवी बॅटरी मी धुळ्याला आणून फोडली. सहापैकी चार घरांतल्या प्लेटा वाकून एकमेकींना चिकटलेल्या, मधले पडदे जळालेले. माझ्याच घाईचं काम. असली बॅटरी दहा मिनिटांच्या वर दिवा देऊ शकत नाही. तीस वर्षं मी बॅटऱ्या भरल्या, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. मग तो दीड तास दिवा कशावर जळला?

पुढे कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, "योगायोग." मी म्हटलं, योगायोगाने कापलेली बॅटरी जळते का? ते म्हणाले, "तुम्हाला दुःखामुळे नीट आठवत नसेल." मोतीशेठना विचारलं नाही. त्यांनी त्या दिवसानंतर माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुकान मी पुढे बरीच वर्षं चालवलं, पण मेलेली बॅटरी कधी फोडली नाही. कोपऱ्यात रचून ठेवायचो. लोक म्हणायचे, भाऊला वेड लागलं. काय सांगणार त्यांना?

मला खुलासा मिळालेला नाही. आणि खरं सांगू, कुठलाही मिळाला तरी माझी सुटका नाही. असलं काही नसतं म्हटलं, तर माझ्या घाईने भरलेल्या बॅटरीने कमल गेली. असतं म्हटलं, तर टाके पडत असताना तो दिवा मी माझ्या हाताने विझवला — चार माणसांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून. पन्नास वर्षं मी या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालतोय. कुठल्याच टोकाला बसायला जागा नाही.

त्या दुपारी जन्मलेली मुलगी, सुनंदा, शिकायला माझ्याकडेच होती. आता तिलाही नातू आहे. कधीतरी विचारते, "मामा, आई गेली कशी रे?" मी सांगतो, रक्त थांबलं नाही. एकदा धीर करून घाईच्या चार्जिंगचं सांगितलं. तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मामा, तू माझ्या आईसाठीच घाई केलीस ना? मग कशाला जाळून घेतोस स्वतःला?" त्यावर पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं... नाही सांगता आलं. चिमट्याचं तिला माहीत नाही.

ती मासिकातलं हे वाचकांच्या अनुभवांचं सदर दर महिन्याला वाचते. म्हणून इथे लिहिलं.