सुतळीचं दुसरं टोक

राग माझ्या नाकावर असतो, हे वणीत कोणालाही विचारा. त्याच नाकावर एक दिवस डॉक्टरांनी मशीन बसवलं.

मी कापसाचा ग्रेडर होतो. सरकारी खरेदी केंद्रावर गाडी आली की तिच्यातून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब, ओल किती, किडकी कवडी किती ते बघायचं आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे वळायचं. कापसाचे दिवस फिरले, ती ही वर्षं. भाव पडलेले, केंद्रं उशिरा उघडणारी आणि गाड्यांची रांग पार राजूरच्या रस्त्याला लागलेली. लोक तीन-तीन दिवस रांगेत बसून. ग्रेडरच्या एका शब्दावर समोरच्याचं वर्ष ठरायचं. अन् अशा वेळी मी भरदुपारी, हातात कापूस धरून, उभ्या उभ्या झोपलो.

गाडीवाला झरीकडचा म्हातारा होता. तो ओरडला नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, इतका खराब हाये का माहा कापूस, का पाहता पाहता तुमाले झोप लागली?"

आजूबाजूचे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आधीही खुर्चीत, बसमध्ये, एकदा तर न्हाव्याकडे अर्ध्या दाढीत मला झोप लागली होती. गावात बोभाटा झालाच होता की साहेब पिऊन येते. अरे, चहाशिवाय मी आयुष्यात कशाला हात लावला नाही! पण कोणाकोणाचं तोंड धरणार?

बायकोला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात धुतले आणि म्हणाली, "चला नागपूरले."

नागपूरला डोक्याला, छातीला वायरी चिकटवून मला एक रात्र झोपवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास थांबतो, मग अंग दचकून जागं होतं, आणि हेच रात्रभर चालतं, त्यामुळे झोप अशी होतच नाही. मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं नाही का?"

तिने पर्समधून सुतळीचं एक गुंडाळं काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

ही सुतळी काय भानगड, ते सांगतो. केंद्रावरच्या रांगेत झोपायची एक रीत आहे. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, त्यामुळे गाडीखाली झोप लागतेच. पण रांग सरकली आणि तुम्ही झोपलेले राहिलात तर मागचा पुढे जातो. म्हणून शेजारच्या दोन गाड्या पाळी लावतात. एक झोपतो, एक जागतो. झोपणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी, तिचं दुसरं टोक जागणाऱ्याच्या मनगटाला. रांग हलली की हिसका द्यायचा. आरडाओरड नाही, बैल बुजत नाहीत. मग पाळी बदलायची. माझी बायको झरी जामणीकडच्या शेतकऱ्याची पोर. लहानपणी बापाबरोबर गाडीवर बसून केंद्रावर यायची आणि बाप झोपला की सुतळी धरून बसायची.

लग्नानंतर कधीतरी तिला कळलं की हा माणूस झोपेत श्वास घ्यायचं विसरतो. तिने कोणाला विचारलं नाही. माझ्या अंगठ्याला सुतळी बांधली, दुसरं टोक आपल्या मनगटाला. श्वास थांबला की हिसका. मी यावरून दोनदा मोठं भांडण केलं. मी काय बैल आहे का, असं म्हणालो. ती म्हणाली, "बैलाले येवढं नाई करा लागत." मी ते बायकोचं खूळ समजून सोडून दिलं आणि घोरत पडलो. रात्री ती किती हिसके देते, हे मला ठाऊकच नव्हतं. सकाळी अंगठा लाल दिसायचा, तेवढंच.

तर मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी, आणि उशाशी हवा फुंकणारा डबा. पहिले आठ दिवस मी त्याला आणि डॉक्टरला लाखोली वाहिली. नवव्या दिवशी केंद्रावर मी संध्याकाळपर्यंत टक्क जागा होतो. तेव्हापासून मी त्या डब्याच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे.

पण डबा चालतो विजेवर आणि आमच्याकडे विजेचा काय भरवसा! त्या वर्षांत लोडशेडिंग असं की लाइन आली तर लोक एकमेकांना सांगत. त्यातून डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळली की चार-चार दिवस अंधार. राजूरच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन असलेल्या शेजाऱ्याने इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी जोडून दिली. तरी बायकोने सुतळी सोडली नाही. "बॅटरीबी बसते," ती म्हणायची. मी म्हणायचो, झोप की आता सुखाने. ती हो म्हणायची. मी मुखवटा चढवला की मला जगाचं भान नसायचं, त्यामुळे ती झोपते की नाही, हे मी कधी पाहिलंच नाही.

मुलगी मुंबईला नोकरी करायची. तिने आमच्यासाठी जहाजाची सहल ठरवली, मुंबईहून लक्षद्वीपकडे जाऊन परत, चार रात्री. मी तोंडावर नाही म्हणालो. चारचौघांत ती सोंड लावून कोण झोपणार? दोन दिवसांनी कापडं वाळत घालता घालता बायको म्हणाली, "आमच्या झरीत सूर्य सागाच्या आडून येते. वर आला का मंग दिसते. एकडाव पूरा पाहाचा होता, खालून वर येताना. समुद्रातून येते म्हंते." असं मागणं तिने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. मी मुलीला फोन करून हो म्हटलं.

सामान तिने भरलं. मुंबईच्या बंदरावर तपासणीच्या पट्ट्यावर आमची पिशवी गेली आणि सगळा पट्टाच थांबला. पिशवीत ट्रॅक्टरची बॅटरी होती.

"ये क्या है?" जवानाने विचारलं.

"बॅटरी हाये," बायको म्हणाली. "ह्यायची मशीन चालते त्याच्यावर."

"माताजी, जहाज में लाइट है."

"लाइट तो हमारे यहाँ भी है," ती म्हणाली. "जाती है तब क्या करना? समुंदर में डीपी जल गई तो कौन आयेगा?"

मागे शे-दीडशे माणसं. मी कपाळावर हात मारला. पण हसू नका. आमच्या मुलखात जो माणूस वीज राहील असं धरून चालतो, तो येडा समजला जातो. जवान चांगला होता. ॲसिडची बॅटरी जहाजावर चालत नाही, असं त्याने दोनदा समजावलं आणि आमचा एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतला. आम्हाला सोडायला आलेली मुलगी ती बॅटरी टॅक्सीत घालून घरी घेऊन गेली. सुतळीला कोणी हरकत घेतली नाही.

खोली छान होती, गोल खिडकीची. पण प्लग आरशाच्या टेबलापाशी, पलंगाच्या पायथ्याकडे, आणि मशीनची वायर उशापर्यंत पोचेना. मी चिडलो, मुलीच्या नावाने बोटं मोडली. बायकोने उशा उचलून पायथ्याशी टाकल्या. मी म्हणालो, "अवं, दक्षिणेकडे पाय होतीन." ती म्हणाली, "जहाज सारं फिरूनच राह्यलं. दक्षिण कोणती ते त्यालेच मालूम नाई, तुमाले काय." झोपलो.

पहाटे माझे डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, मनगटाला सुतळी. आम्ही डेकवर गेलो. ढग होते, सूर्य दिसला नाही. दुसऱ्या पहाटेही तेच, ती बसलेली आणि आभाळ भरलेलं. वणीत मी उठायचो तोवर तिची अर्धी कामं उरकलेली असायची. ती बसून रात्र काढते, हे मी इथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मला तिचा राग आला. तिचा कसला, माझाच. मी ओरडलो, "लाइट गेली का एकदा तरी? काहून जागून राह्यली?" ती म्हणाली, "गेली तर?"

मी प्लगची तक्रार लिहून दिली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी जहाजाचा इलेक्ट्रिशियन जहाजाचाच लांब बोर्ड घेऊन आला. केरळचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. बायकोने त्याला सोडला नाही. लाइट कुठून येते? तो म्हणाला, जनरेटर आहे. तो बंद पडला तर? दुसरा चालू होतो. अन् दुसरा पडला तर? तिसरा आहे. अन् तिसरा?

मला वाटलं, आता हा वैतागणार. त्याने हातातली वायर खाली ठेवली. "अम्मा, तीसरा भी बंद हुआ तो मैं हूँ नीचे. रात की पाली मेरी है. मैं सोता नहीं."

"पूरी रात?"

"पूरी रात."

मग तिने त्याला खोलीचा नंबर पाठ करायला लावला, माझा श्वास किती वेळ थांबतो ते सांगितलं आणि चकल्यांचा अख्खा डबा त्याच्या हातात दिला. जनरेटरवर तिचा विश्वास बसला नव्हता. कोणीतरी जागं आहे, एवढंच तिला हवं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे मला आपोआप जाग आली. अंगठ्याला सुतळी होती. सवयीने मी पाय हलवला, तर पलीकडून काही उत्तर नाही. सुतळी ओढली, ती सरसर आली. दुसरं टोक मोकळं होतं. मुखवटा ओरबाडून काढला आणि वळलो.

बायको झोपली होती. आडवी, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत. आणि घोरत होती. बारीक नाही, चांगली दणदणीत.

गोल खिडकीत तांबडं फुटलं होतं. ढगाचा तुकडासुद्धा नाही. पाणी आणि आभाळ जिथे भेटतात तिथे रेघ लाल होत चाललेली. आता दोन-चार मिनिटांत सूर्य वर येणार, पूरा, खालून वर. उद्या सकाळी मुंबईचं बंदर. म्हणजे पाहायचा तर हाच. मी तिच्या खांद्याकडे हात नेला.

आणि मला तो रांगेतला नियम आठवला. एक झोपतो, एक जागतो, मग पाळी बदलायची. आमच्या संसारात पाळी कधी बदललीच नव्हती. बापाच्या गाडीखाली धरलेली सुतळी, तीच ती माझ्या पायाला बांधून वर्षानुवर्षं बसली होती, आणि मी शहाणा ग्रेडर, कापसाचा धागा चिमटीत धरून त्याची लांबी सांगणारा, मला स्वतःच्या अंगठ्याच्या दोऱ्याची लांबी कळली नाही. मला रडू आलं, यात लाजायचं काय आहे?

उजेड तिच्या डोळ्यांवर येऊ लागला होता. मी उठून पडदा ओढला आणि तिच्या उशाशी बसून राहिलो.

ती उठली तेव्हा नाश्त्याची वेळ टळली होती. पडद्याच्या कडेने ऊन दिसत होतं. ती ताडकन उठून बसली. "माय वं! सूर्य?"

"गेला वर."

"काहून नाई उठवलं?" अशी चिडली की बोलायची सोय नाही. "साऱ्या जन्मात एक गोष्ट मांगतली! बरं, तुमी तं पाह्यला ना? मंग सांगा, कसा येते?"

"मीबी नाई पाह्यला. पडदा लावला होता."

"कायले?"

"तू घोरून राह्यली होती."

"मी? मी नाई घोरत."

"तुले कसं मालूम?"

ती घोरते की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. किती वेळ झोपले, तिने हळूच विचारलं. पूरी रात्र, मी म्हणालो. तिने पलंगावरची सुतळी उचलली, बोटांवर गुंडाळत गेली, गुंडाळं माझ्या तळहातावर ठेवलं.

"मंग जाऊ द्या सूर्य," ती म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.