कामठीहून यायचा रस्ता

नागपूरच्या इतवारीत सौदा करताना आमची एक रीत होती. समोरच्याने भाव तोडला की हसून हो म्हणायचं आणि तेवढंच काम आतून कमी करायचं. टाइपरायटरच्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटरपर्यंत मी एकटा चढलो तो याच रीतीने.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सुताच्या व्यापाऱ्याचं ऑफिस इतवारीत आणि गोदाम कामठीत होतं. दोन्हीकडे कॉम्प्युटर, मध्ये टेलिफोनची भाड्याची मोठी लाइन. कुठे रस्ता खोदला की ती जायची. त्यांची नंदनवनातली शाखा मात्र इतवारीलाही आणि वेगळ्या लाइनीने कामठीलाही जोडलेली होती. मोठी लाइन मेली तर निरोप नंदनवनावरून फिरवता येतील का, असं मॅनेजरने मला विचारलं.

येत होते. पण त्या यंत्रांना स्वतःचं डोकं नव्हतं. अमुक ठिकाणचा निरोप या लाइनीने, ती बंद असेल तर त्या लाइनीने, असं प्रत्येक यंत्रात हाताने लिहावं लागे. इतवारीत, नंदनवनात आणि कामठीतही. इतवारीच्या यंत्राला जायचा रस्ता कळला म्हणून कामठीच्या यंत्राला परतीचा कळत नाही.

मी तिन्ही जागांचा भाव सांगितला.

"दोन ओळी टाइप करायचे एवढे? लुटायले बसला का गा?" मॅनेजर चार लोकांसमोर म्हणाला.

माझं डोकं फिरलं. त्याने तोडलेल्या भावाला हसून हो म्हटलं, इतवारी आणि नंदनवन केलं, आणि कामठीला गेलोच नाही.

चाचणी इतवारीतून झाली. मोठी लाइन काढून ठेवली, निरोप पाठवला. कामठीचा ऑपरेटर फोनवर ओरडला, "आला भाऊ, आला!" पन्नाशीचा माणूस, आधी मागावर बसलेला, टायपिंग शिकून खुर्चीवर आलेला. त्याच्याकडून उलटा निरोप कोणी मागवला नाही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही केली.

दोन महिन्यांनी केबल तुटली. लाइन गेली, गोदामाचा फोनही गेला. इतवारीहून नंदनवनावरून निरोप गेला : साठा कळवा. ऑपरेटरने उत्तर दिलं : सूत संपत आलं, गाडी पाठवा. यंत्राने ते मुकाट्याने मेलेल्या लाइनीच्या रांगेत ठेवलं. पुन्हा निरोप, पुन्हा उत्तर. इतवारीचे निरोप येत होते, म्हणून लाइन ठीक आहे असंच तो समजला. तिसऱ्या दिवशी गोदामाच्या सुतावर चालणारे माग बंद पडले. विणकर गोदामाच्या दारात शिव्या देत बसले. मॅनेजर तिथे गेला आणि ऑपरेटर झोपा काढतो म्हणून त्याला त्याच दिवशी काढलं.

तो आपल्या उत्तरांचे छापील कागद घेऊन माझ्या दुकानात आला.

"मी तं उत्तर देऊनच राहिलो होतो, भाऊ. हे पाहा, प्रत्येकावर वेळ आहे. त्यायले सांगा ना, मशीनची चूक हाय म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो, आणि खरंच सांगायला गेलो.

कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटले. "माणूस झोपला नव्हता. कामठीत परतीचा रस्ताच लिहिलेला नाही."

"काहून नाही लिहिला?"

"तुम्ही भाव तोडला म्हणून! चार लोकांसमोर!"

"अन् सही कोणाची हाय मग?"

सही माझीच होती. त्याने आवाज खाली आणला. "मालकाले मी सांगून बसलो, ऑपरेटर झोपला होता म्हणून. हे कागद वर गेले तं तूही जाशील अन् मीही. राहू दे. कामठीचं काम करून टाक, तुझ्याच भावानं."

तिथेच उठायला हवं होतं. मी म्हणालो, "अन् वर्षभराची देखभालही माझ्याकडे."

"जास्त होते."

"मग कागद मालकाकडे जातात."

त्याने कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कामठीला गेलो. खुर्चीवर नवा माणूस होता. त्याने मागवलेला चहा थंड व्हायच्या आत माझं काम झालं. एकच ओळ होती. मोठी लाइन काढून उलटा निरोप पाठवला, तो इतवारीला पोचला.

फाटकाबाहेर जुना ऑपरेटर उभा होता.

"सांगितलं काय, भाऊ?"

"सांगितलं."

"मंग?"

"ऐकत नाही तो."

"बरं. मालकाले मीच भेटतो मंग. माहे कागद देता?"