समुद्र डाव्या खिडकीत

चौथ्यांदा नापास होऊन वाहन परवाना केंद्रातून घरी आले, त्या संध्याकाळी मी दत्तगुरूंची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं. आमचं घर इथे जपानात, निशी-कसाईला, आणि देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला एक कप्पा. मी मूळची मिरजेची. लहानपणी बाबांबरोबर दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचे, तेव्हापासून दत्त मला घरातलाच कुणीतरी वाटत आलाय. आपण चिडतो ते घरच्यांवरच ना, तशी मी चिडले. म्हटलं, माझ्याकडे बघायचं नसेल तर नका बघू! स्वयंपाकही भांडी आपटतच केला. सकाळी उठून बघते तर तसबीर पुन्हा सरळ. घरात आम्ही दोघंच. आणि आमचे हे तर देव मानत नाहीत. 'तुझे दत्तगुरू इथे येतात कसे, तोझाई लाईनच्या मेट्रोनं का?' अशी चेष्टा करण्यात यांची इथली चौदा वर्षं गेली.

हे सगळं रामायण आयर्लंडमुळे झालं. यांच्या ऑफिसच्या कामात आयर्लंडचा एक सहकारी होता. फोनवर काम सुरू करण्याआधी तो आपल्या गावचा पाऊस, दगडी कुंपणं आणि रस्त्यात आडव्या आलेल्या मेंढ्या यांच्याबद्दल पाच मिनिटं तरी बोलायचा. ते यांच्या डोक्यात असं काही भरलं की विचारू नका. दर रविवारी चहा झाला की टेबलावर नकाशा पसरला जायचा. डब्लिनहून निघायचं, सरळ पश्चिमेला गॉलवे, तिथून खाली डिंगल, मग किन्सेल, किलकेनी आणि परत डब्लिन. एका दमात दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, प्रत्येक गावात दोन रात्री राहायचं, असा यांचा नियम. आमच्या आजवरच्या सगळ्या सहली म्हणजे नुसती पळापळ, म्हणून ही निवांत करायची होती. मात्र त्या निवांतपणाचंही यांनी तासातासाचं कोष्टक केलं होतं. मी हसायचे, पण मला ते रविवार फार आवडायचे. नकाशावर बोट फिरवताना यांचा चेहरा असा काही खुलायचा!

मग गेल्या वर्षी यांच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी आहे असं डॉक्टर म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण महिन्याभरानं एका सकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या यांना फिट आली. एकच आली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन वर्षं गाडी चालवायची नाही. सहल पुढच्या मे महिन्यात ठरवली होती. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर यांनी नकाशाची घडी केली आणि कपाटावर टाकून दिली. मी म्हटलं, आपण तिथे बसनं फिरू. म्हणाले, "राहू दे गं." पुढे सगळं राहूच दिलं. जेवायचे, औषधं घ्यायचे, अर्धा दिवस ऑफिसला जायचे, पण माणूस समोर असून नसल्यासारखा. दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचं होतं, त्याची भीती होतीच. पण मला त्याहून जास्त भीती या गप्प बसण्याची वाटायला लागली. मला आयर्लंडशी काय देणंघेणं? मला माझा नवरा परत हवा होता, चेष्टा करणारा.

म्हणून मी ठरवलं, गाडी मी चालवीन. लग्नाआधी मिरज-सांगली रस्त्यावर बाबांची जुनी व्हॅन मी बिनधास्त पळवलेली होती. अडचण एकच. माझं भारतातलं लायसन्स डिसेंबरअखेर संपत होतं, आणि यांना सोडून नूतनीकरणाला भारतात जाणं शक्य नव्हतं. त्याआधी ते इथल्या लायसन्समध्ये बदलून घेतलं तरच मे महिन्यात गाडी हातात येणार होती. लेखी परीक्षा झाली. प्रत्यक्ष गाडी चालवण्याच्या परीक्षेनं मात्र माझ्या नाकी नऊ आणले. केंद्राच्या आवारातच आखलेले रस्ते, शेजारी परीक्षक, आणि चारही वेळा एकच शेरा: आजूबाजूला बघत नाही. अहो, बघत नाही म्हणजे काय? मिरजेच्या बाजारात ज्यानं गाडी चालवली त्याला मागून येणारी म्हैससुद्धा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते! पण सांगणार कुणाला. ओसाकाला शिकणारी आमची लेक फोनवर म्हणाली, "आई, मुरी दा यो." म्हणजे जमणार नाही, सोडून दे. हे म्हणाले, "कशाला जिवाला लावून घेतेस?" डिसेंबरातली एकच तारीख उरली होती. गुरुवारची. पहिल्या चार वेळा मी 'पास कर, वर्षभर गुरुवार करीन' असं देवाशी ठरवून गेले होते. या खेपेला तसबिरीचा पराक्रम केलेला, कुठल्या तोंडानं मागणार? नुसता नमस्कार केला, "येते" म्हटलं आणि निघाले.

माझा नंबर दुपारी एक वाजता होता. मी साडेअकरापासूनच केंद्राच्या उपाहारगृहात चहाचा कप धरून बसले होते. उपास होता. चहा केव्हाच गार झाला होता ते मला कळलं नाही, शेजारच्या टेबलावरच्या आजींना कळलं. त्यांनी पर्समधून एक छोटं संत्रं काढलं, सोलून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी खा." उपासाला चालणारं नेमकं तेच त्यांच्या पर्समध्ये होतं! बरोबर आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, ताठ. जन्मभर तांदळाच्या दुकानाचा टेम्पो चालवला म्हणाले. मी त्यांना विचारलं, लायसन्सचं नूतनीकरण करायला आलात का? तर म्हणाले, "नाही, परत द्यायला." वय झालं की इथे माणसं आपण होऊन लायसन्स परत करतात, हे मी ऐकलं होतं. देणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. "हात अजून बरे आहेत," ते म्हणाले, "पण कुणी काढून घ्यायच्या आधी आपण द्यावं." मला घरची आठवण झाली आणि एकदम रडूच आलं. अनोळखी माणसांपुढे, संत्र्याची फोड तोंडात, आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं: गाठ, फिट, आयर्लंड, चार वेळा नापास.

आजोबा उठले आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. उजवीकडे मला बसवलं, हातात चहाचा वाटोळा ट्रे दिला, ते स्टीअरिंग. डावीकडे स्वतः परीक्षक होऊन बसले. आजींना म्हणाले, "तू सायकल." आजी हसत हसत मागे जाऊन उभ्या राहिल्या. "ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "डावीकडे वळा." मी ट्रे फिरवला. तेवढ्यात आजी मागून तुरुतुरु आल्या, माझ्या डाव्या खांद्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "गेले मी!" मी म्हटलं, मला तुम्ही दिसला होतात. आजोबा म्हणाले, "तुम्हाला दिसल्या. पण तुम्ही बघितलंत हे तिला कुठे कळलं? मान वळवा, तिचा चेहरा दिसेपर्यंत वळवा." पुन्हा वळले, पुन्हा आजी गेल्या. चार वेळा त्यांचा जीव घेतला मी. बाकीचे लोक उडोनच्या शेवया खाता खाता बघत होते. पाचव्या वेळी मी मान पुरती मागे वळवली, तेव्हा आजींचा सुरकुतलेला, हसरा चेहरा समोर होता. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि नकळत मीही मान लववली. आजोबा म्हणाले, "बस, एवढंच. मागे कुणी असो नसो, आहे असं समजून बघायचं."

मी हे काही कुणाला पटवून द्यायला लिहीत नाही. पण ते वाक्य ऐकलं आणि अंगावर काटा आला. जन्मभर मी देवासमोर बसले, आणि माझं मागण्यावरच लक्ष. आहे असं समजून नुसतं बघितलं किती वेळा? दत्तांनी म्हणे चोवीस गुरू केले, त्यात मधमाशी होती, कोळी होता. त्या आजी तेव्हा असत्या तर यादीत नक्की बसल्या असत्या, असं माझं आपलं भाबडं मत आहे.

परीक्षेत काय झालं ते फारसं आठवत नाही. गाडीत बसण्याआधी पुढे मागे वाकून बघितलं. प्रत्येक वळणावर मान वळवली आणि रिकाम्या काचेत आजींचा चेहरा शोधला. एकदा तर मान लवलीसुद्धा. परीक्षकानं माझ्याकडे जरा चमकून बघितलं. पास की नापास हा विचार डोक्यात आलाच नाही, कारण कुणी मागून येत असेल तर त्याला लागू नये एवढंच मनात होतं. अर्ध्या तासानं फलकावर माझा नंबर लागला. मी तो तीनदा वाचला, शेजारच्या मुलीला वाचायला लावला आणि तिलाच मिठी मारली. बिचारी घाबरलीच!

आजोबांना सांगायला धावत गेले तर ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी लायसन्स दोन्ही हातांनी पुढे केलं, पलीकडच्या बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं, आणि आजोबा त्या एवढ्याशा कार्डाला वाकून नमस्कार करून मागे सरले. मला कुणाचा तरी निरोप समारंभ बघितल्यासारखं झालं. माझी बातमी ऐकून आजींनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघंही बसच्या थांब्यावर आलो. आजोबांना बसमध्ये कुठल्या दारानं चढायचं तेच कळेना. आजींनी बाहीला धरून त्यांना मागच्या दाराकडे वळवलं आणि मला म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी याच्या शेजारी बसून बाहेर बघतेय. यानं कधी काही बघितलं नाही, याचं लक्ष रस्त्यावर. आता बसेल माझ्याबरोबर खिडकीत." त्यांची बस वेगळी होती. दोघंही काचेतून हात हलवत राहिले. मला त्यांचं नाव विचारायचं सुचलं ते थेट घराजवळ पोचल्यावर.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. खुर्च्या मांडूनही दाखवल्या. "गेले मी!"ला हे हसले. आधी नाकातून, मग मोठ्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कित्येक महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. लायसन्स हातात घेऊन म्हणाले, "फोटोत अगदी पाकीटमार दिसतेस." मग आजोबांचं आणि खिडकीचं सांगितलं. तेव्हा मात्र हसायचे थांबले. कार्ड टेबलावर ठेवून आत निघून गेले. मला वाटलं, झालं! मी यांना दुखावलं. जी जागा या माणसाकडून काढून घेतली गेली, तीच पटकावून मी नाचत घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी दत्तगुरूंना म्हटलं, मला जे सुचलं ते केलं, आता यांच्या मनाचं तुम्ही बघा. म्हटलं आणि खरोखर सोडून दिलं. पुढचे दोन दिवस मी सहलीचा शब्द काढला नाही. माझ्या स्वभावाला हा केवढा उपास, ते माझं मलाच माहीत.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन आले तर टेबलावर नकाशा पसरलेला आणि हे पेन्सिल घेऊन बसलेले. मी कप ठेवला. घाईत चहा नकाशावर सांडला, तरी हे ओरडले नाहीत. जुन्या कोष्टकावर काट मारली होती. दोन तासांचा दीड तास केला होता, "तू नवीन आहेस, दमशील." आणि सगळा रस्ता उलटा केला होता. आधी किलकेनी, मग किन्सेल, डिंगल, तिथून वर गॉलवे आणि परत डब्लिन. मी म्हटलं, "अहो, हे उलटं का?" म्हणाले, "तिथेही आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात. मी तुझ्या डावीकडे बसणार. असं फिरलं की समुद्र सगळा माझ्या खिडकीत येतो. मघाशी लक्षात आलं, इतकी वर्षं मी आखत होतो त्या वाटेनं समुद्र नेहमी रस्त्याच्या पलीकडे राहिला असता, आणि माझं लक्ष गाडी चालवण्यात, तो मला दिसलाही नसता."

त्यांचं बोट पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून पश्चिमेला आणि तिथून वर फिरत गेलं. ते बोट बघता बघता मला एकदम उमगलं. सगळी भूमी उजव्या हाताला ठेवून फिरायचं, ही तर प्रदक्षिणा! मी तसं म्हटलं. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला आपला समुद्र हवा होता. बाकी तुझ्या दत्तगुरूंनी आधीच ठरवून ठेवलं असेल तर मला माहीत नाही."

एप्रिलमध्ये स्कॅन आहे, त्यानंतर तीन आठवड्यांनी निघायचं. रिपोर्ट काय येईल, निघणं होईल की नाही, देव जाणे. पूर्वी मी याच गोष्टीवरून देवापाशी तासन् तास घासाघीस केली असती. आता सकाळी हात जोडते, आणि 'तुम्ही आहात' असं समजून तसबिरीकडे नीट बघते. तेवढ्यात बाहेरून यांची हाक येते, "अगं, डिंगलच्या वाटेवर एक खिंड लागते, ती तुला जमेल ना?" गेल्या वर्षी ज्या घरात कुणी बोलत नव्हतं, त्या घरात मला कुणीतरी काहीतरी विचारतंय. मी जोडलेले हात तसेच ठेवून इथूनच ओरडते, "जमेल! तुम्ही समुद्र बघा."