मेलेल्याच्या पाटावर

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला, की मला भाव येतो. एरवी ज्यांच्या लेखी मी कोपऱ्यावरच्या बाकावरचा एक म्हातारा असतो, ते लोक अचानक दारात येऊन हात जोडतात. "काका, नवमीला मोकळे आहात ना?" आता निवृत्त माणूस मोकळा नसेल तर कोण असेल? तरी मी भिंतीवरचं कॅलेंडर उगाच दोनदा बघतो आणि मग मान डोलावतो.

आमच्याकडे अजून पितराच्या नावाने एका माणसाला जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, खांद्यावर नवा टॉवेल टाकतात आणि सगळं घर पाया पडतं. तेवढा तासभर तो माणूस म्हणजे त्या घरचा मेलेला बाप. या कामाला लागणारी लायकी माझ्यात ठासून भरली आहे. वय सत्तरीपुढचं, दात स्वतःचे, आणि जेवण झाल्यावर राजकारणावर बोलत बसत नाही. बायकोचं मत जरा वेगळं आहे. "जिवंत माणूस म्हणून घरात काडीचा उपयोग नाही," ती म्हणते, "मेलेला म्हणून मात्र गावभर मागणी!"

मागणी आहे हे खरंच. यंदा एकाच दुपारी दोन पितर आले, एक आमच्याच गल्लीतला आणि दुसरा नाशकातल्या द्वारका चौकाच्या पलीकडचा. दुसऱ्याला मी नाही म्हटलं. त्या उन्हात द्वारकेची गर्दी पार करेपर्यंत पितर कंटाळून परत गेले असते. हे ऊनही कसलं, सकाळी चटके देतं आणि संध्याकाळी न सांगता पाऊस येऊन वाळत घातलेले कपडे भिजवतो. रोज वडे, रोज कढी, रोज गवार आणि रोज खीर. त्यात मला साखर आहे. बायको निघताना बजावते, "खीर चमचाभर." मी होकार देतो. मेलेल्याला कसला आलाय डायबेटिस!

मग शेजारच्या घरून बोलावणं आलं आणि मी कॅलेंडर बघायचंही विसरलो.

शेजारचा माझा मित्र होता. मूळचा चांदवडकडचा, कांद्याच्या घरातला, नोकरीसाठी नाशकात आलेला. वीस वर्षं आम्ही रोज सकाळी फिरायला बरोबर गेलो. त्याला साखर निघाल्यावर घरात गोड बंद झालं, पण दर रविवारी फिरून येताना आम्ही मिसळ खायचो आणि वर तो गरम जिलेबी मागवायचा. पाव किलोतला मोठा वाटा त्याचा. खाताना डोळे मिटायचा. एवढ्या भक्तिभावाने त्याला मी देवळातसुद्धा कधी पाहिलं नाही.

त्याच्या नातवाच्या वाढदिवसाला सुनेने त्याच्यापुढे केकचा नखाएवढा तुकडा ठेवला. मला विनोद सुचला. मला विनोद सुचला की तो दाबून ठेवता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. मी म्हणालो, "त्याला केकचं काय कौतुक? दर रविवारी पाव किलो जिलेबी हाणतो गडी!" सगळे हसले. त्याचा मुलगा हसला नाही. मित्राने माझ्याकडे एकदा बघितलं आणि केकची बशी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलाबरोबर फिरायला जाऊ लागला. मी हाक मारली तर रस्ता ओलांडायचा. मीही ताठ्यात राहिलो. त्याच्या भल्यासाठीच बोललो, असं स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं होतं, मी फक्त टाळीसाठी बोललो होतो. दीड वर्ष आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना न बोलता राहिलो. मग एके दिवशी तो हृदयविकाराने गेला. अंत्यविधीला मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

आता वर्षश्राद्ध उरकून त्याचा हा पहिला पितर, आणि त्याच्या पाटावर बसायचं कोणी? मी! मुलाने सांगितलं, "आईच म्हणाली, काकांनाच बोलवा." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मुलाने माझे पाय धुतले तेव्हा मी छताकडे बघत बसलो. मग तो आणि सून कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर गेले. खाली मी आणि वहिनी. त्या समोर बसून वाढत होत्या. खिरीची एक वाटी संपली, दुसरी संपली. बायकोचा चमचा मी केव्हाच विसरलो होतो. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोट भरलं ना? काय ऱ्हायलं का?"

यावर 'तृप्त झालो' म्हणायचं असतं. चौदा घरी मी ते ढेकर देत म्हटलं असेल. इथे मी वाटी खाली ठेवली.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जिलेबीचं बोललो नसतो तर बरं झालं असतं. तुम्हाला कळलंच नसतं."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "मला म्हाईत नव्हतं व्हय, भावजी? दर रविवारी शर्टाच्या बाहीला पाक असायचा. कपडे तर मीच धुते. आठवड्यात एक दिवस खातात, खाऊ दे, म्हणून मी गप बसायचे."

वहिनींनी पदराला हात पुसले.

"तुम्ही चारचौघात बोलले. मग पोरापुढं मला बंद करावंच लागलं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "शेवटी शेवटी लय मागायचे. येकदा तर रडले. नाय दिलं मी."

गच्चीवरून काव काव ऐकू आलं, मुलगा सुनेला काहीतरी म्हणाला. वहिनींनी पातेलं तिरपं केलं आणि राहिलेली सगळी खीर माझ्या वाटीत ओतली, काठोकाठ.

"खा," त्या म्हणाल्या. "त्यांचीच हाय."

एकेक चमचा खाली ढकलला. वाटी पुसून खाल्ली. वहिनी गुडघ्यावर हनुवटी टेकवून शेवटच्या घासापर्यंत बघत होत्या. मला नव्हत्या बघत.