मावशींच्या टाचा

"हाताला विचार," असं म्हणून मावशी पिठाने पांढरा झालेला उजवा तळवा माझ्यासमोर धरायच्या. प्रश्न कोणताही असो. पोळी इतकी गोल कशी येते, पदर कसे सुटतात, हात न लावता ती लाटण्याखाली आपोआप कशी फिरते? "मला काय माहीत? हाताला विचार."

मी त्यांच्यापर्यंत पोचले कशी, ते आधी सांगायला हवं. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. मी दहावीत असताना एका सकाळी कांद्याचं पोतं पाठीवर घेताना त्यांची कंबर गेली आणि घरातला कमावता माणूस खाटेवर आला. पर्वतीच्या पायथ्याला आमची एकच खोली. खाट टाकली की बाकीच्यांना पाय लांब करायला जागा उरत नसे. आई नारायण पेठेतल्या एका पोळी-भाजी केंद्रात कणीक मळायला लागली. इतकी वर्षं पोती उचलणारी पाठ त्या एका पोत्याने कशी गेली, हे आम्हाला कोणी धड सांगितलं नाही. मला ते कळून घ्यायचं होतं, म्हणून बारावीनंतर मी व्यायामशास्त्राला प्रवेश घेतला. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि चढले तीही असल्या विषयासाठी. शेजारच्या काकांनी विचारलंच, "दंड-बैठकांची पण डिग्री असते का गं?"

असते. तीन वर्षांची असते.

मावशी त्या केंद्रातल्या मुख्य पोळीवाल्या. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण आवाज थेट रस्त्यापर्यंत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मालक गल्ल्यावर बसलेला असतो आणि दुकान त्या चालवत असतात. एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं, "पोळ्या ताज्या आहेत ना?" की मावशी म्हणायच्या, "थांबा हं." पोळी कानाशी नेऊन दोन क्षण ऐकायच्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "म्हणतेय, आत्ताच आले." त्या गिऱ्हाइकाने पुन्हा कधी विचारलं नाही. यायचं मात्र सोडलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा खराडीच्या ऑफिसांमध्ये डबे जायला लागले. मालकांनी दुकान नव्याने केलं. पांढऱ्या फरशा आल्या, पंखे आले आणि पोळ्यांसाठी कडाप्प्याचा उंच ओटा आला. आयुष्यभर जमिनीवर बसून लाटणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, बाईंना बरं झालं. तीन महिन्यांत मावशींचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागे जाईना. पोळ्या निम्म्यावर आल्या, तेव्हा मालक म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू. नाहीतर मग मशीन घ्यावं लागेल."

मावशी एकट्या. कसब्यात भाड्याची खोली, ती या हातावर चाललेली. सांगलीला लेक होता, सून होती, बोलावणंही होतं. "जाईन की, पण पाहुणी म्हणून," एवढंच त्या म्हणायच्या.

मला तेव्हा प्रकल्पाला विषय हवा होता. मी मोबाइल घेऊन पोचले. लाटणारा हात पडद्यावर मोठा दिसेल असा धरून तीन दिवस चित्रण केलं. घरी पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या दिवशी मावशींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की कोपर अंगाजवळ ठेवा, खांदा खाली सोडा, मनगट सरळ.

"बरं मास्तरीणबाई," असं म्हणून त्या कोपराकडे बघत लाटायला लागल्या. पहिली पोळी लांबट झाली. दुसरीला भोक पडलं. तिसरी बघून आई माझ्याजवळ आली आणि कणकेच्या हातानेच मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "तुझा अभ्यास तिच्या पोटावर येतोय. बंद कर."

मला फार लागलं, कारण ते खरं होतं. घरी येऊन मी आधीचं चित्रण पुन्हा बघत बसले. चाळीस पोळ्या, आणि हाताचा रस्ता चाळीस वेळा थोडा थोडा वेगळा. कोपर कधी बाहेर, मनगट कधी कललेलं. पोळी मात्र दर वेळी तीच. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. सराईत हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही, तो तेच काम दर वेळी नव्याने जमवतो. आणि त्याचं लक्ष कामावरून काढून अवयवावर लावलं, की बसलेली लय मोडते. दहापैकी आठ मार्क मिळाले होते मला या उत्तराला.

मग खांदा दुखतो कशाने? ते शेवटच्या चित्रणात निघालं. त्या दिवशी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, तो घसरून खाली जमिनीवर आडवा पडला आणि मला कळलंच नाही. त्यात हात नव्हताच. नुसते पाय होते. मावशींच्या टाचा जमिनीपासून चांगल्या दोन बोटं वर होत्या, आणि मी बघत होते तेवढा वेळ त्या एकदाही टेकल्या नाहीत.

बसून लाटताना अंगाचा सगळा भार वरून लाटण्यावर पडायचा. आता ओटा छातीशी आला होता. भार द्यायला जागाच नव्हती, सगळं काम एकटा खांदा करत होता, तोही उचललेला. आणि मी तीन दिवस हाताकडेच बघत बसले होते.

मालकांना चित्रण दाखवलं. ते म्हणाले, "ओटा मी नीट मापात बांधून घेतलाय."

"तुमच्या मापात," मी म्हटलं.

"मग काय, मीच लाटू?"

"लाटा," मावशी आतून म्हणाल्या. "गल्ला मी बघते."

मालक हसले नाहीत, पण सुतार बोलावला. वीतभर उंचीचा लांब-रुंद लाकडी चौथरा आला. मावशी त्यावर चढल्या, टाचा टेकवल्या आणि पहिल्यांदाच मालकांच्या उंचीला येऊन म्हणाल्या, "केस विरळ झालेत हो तुमचे."

खांदा काही एका दिवसात सुटला नाही. पहिले दोन आठवडे थोड्याच पोळ्या, मग हळूहळू वाढवत नेल्या. उरलेल्या आईने लाटल्या. सकाळी ओढणीचं टोक धरून हात वर न्यायचा व्यायाम मावशी करायच्या, मला शिव्या घालत करायच्या, पण चुकवला नाही. कोपराचं नावही मी पुन्हा काढलं नाही. "कडा सारख्या येऊ द्या," एवढंच म्हणायची. गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांनी पूर्वीइतक्या पोळ्या लाटल्या. संध्याकाळी मालकांनी मशीनचं माहितीपत्रक तेलाच्या डब्याखाली घातलं.

प्रकल्पात मी माझी चूकही लिहिली. सर म्हणाले, हाच भाग चांगला आहे. मी पदवीधर झाले, आता खराडीतच एका व्यायामोपचार केंद्रात मानदुखीची माणसं बघते. पेशंट आत आला की मी आधी त्याचे पाय कुठे टेकतात ते बघते.

मावशी आता सांगलीला असतात. मशीन शेवटपर्यंत आलं नाही. चौथऱ्यावर उभ्या राहून त्यांनी आणखी सहा वर्षं पोळ्या लाटल्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी, खांदा धड असताना, आपण होऊन काम सोडलं.