गायकवाड सिस्टरांचं पुडिंग

शिळ्या ब्रेडचा स्लाइस खिडकीशी उजेडात धरून, एक्स-रे बघावा तसा दोन्ही बाजूंनी निरखणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. गायकवाड सिस्टर. लग्न होऊन मी विठ्ठलवाडीला राहायला आले, त्या आठवड्यातच आमची ओळख झाली. कचऱ्याच्या डब्यावर ठेवलेला माझा अर्धा ब्रेड त्यांनी जिन्यात उभं राहूनच ताब्यात घेतला.

"बुरशी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बुरशी नाही, पण चार दिवसांचा आहे. कडक झालाय."

"कडक झालाय म्हणजे गेला का? तपासल्याशिवाय मृत घोषित करतेस होय गं? ये आत."

सरकारी रुग्णालयात उभी हयात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. पती वारलेले, मुलगा मिलिंद नोकरीमुळे ठाण्याला माजिवड्यात राहायला गेलेला. आमच्या मजल्यावर समोरासमोर त्यांचं दार आणि माझं. बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. कुणाचं बीपी वाढलं, कुणाच्या पोराने नाकात वाटाणा घातला, की पहिली बेल त्यांच्याकडे वाजायची. आणि कुणाच्याही घरी ब्रेड उरला की तोही त्यांच्याच दाराच्या कडीला पिशवीत लटकलेला असायचा.

त्याचं त्या पुडिंग करायच्या. नर्सिंगच्या होस्टेलवर मर्सी नावाची वसईची मैत्रीण होती, तिने शिकवलेलं. "मर्सीची आई करायची तस्संच," असं त्या दर वेळी सांगायच्या. कडा न कापता ब्रेडचे तुकडे करायचे, गरम दुधात भिजत घालायचे. "ताजा ब्रेड दुधात विरघळून जातो. शिळाच हवा. तो दूध पिऊनही उभा राहतो." मग साखर, फेटलेली अंडी, जायफळ, थोडे बेदाणे. ॲल्युमिनियमच्या डब्यात साखर वितळवायची, कडक चहाच्या रंगावर आली की पक्कडीने डबा फिरवून ती सगळीकडे लावायची. त्यावर मिश्रण ओतून, झाकण लावून, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वाफवायचं. मी सारखी झाकण उघडायला जायचे. "राउंडची वेळ झाली की बघू," त्या म्हणायच्या, "पेशंटला झोपू दे." पौर्णिमेला विहारात सगळ्या घरांतून खीर यायची, सिस्टरांकडून पुडिंग. पोरं आधी पुडिंगच्या रांगेत उभी राहायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. शब्द जड येत होते, पण सांगणं अगदी स्पष्ट होतं.

"वैशाली, माझं तोंड वाकडं झालंय का बघ. उजवा हात उचलला जात नाहीये. रिक्षा नको, ॲम्ब्युलन्स बोलव. आणि रडू नकोस, पत्ता नीट सांग."

त्यांनी स्वतःचं निदान केलं, म्हणून त्या वाचल्या. बोलणं हळूहळू सुधारलं, पाय लंगडत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राहायचा. मिलिंद त्यांना न्यायलाच आला होता. तिकडे खोली तयार होती, बाई लावली होती.

"आई, तुला आता एकटं ठेवणार नाही मी. विषय संपला."

"तुझा संपला असेल," सिस्टर म्हणाल्या. "मला कपाटासारखी उचलून नेऊ नकोस. मला थोडे महिने दे."

तो रागावूनच परत गेला. दिवसा एक बाई यायची, रात्री मी त्यांच्या हॉलमध्ये झोपायचे. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने हातात दाबायला रबरी चेंडू दिला. तो सिस्टरांनी दोन दिवसांत बाजूला ठेवला. "हा कितीही दाबला तरी चेंडूच राहतो. ब्रेड आण." ताटात शिळे स्लाइस घेऊन त्या डाव्या हाताने तुकडे करायच्या आणि उजव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर ठेवून त्यांना स्लाइस धरायला लावायच्या. सुरुवातीला स्लाइस नुसता घसरायचा. काही आठवड्यांनी अंगठा हलला. त्या दिवशी त्यांनी मला हाका मारून मारून बोलावलं.

सगळे दिवस असे नव्हते. अंड्यांची टरफलं मिश्रणात पडायची, साखर करपून पुडिंग कडू व्हायचं. ते आम्ही निमूटपणे खायचो. एकदा दुधाचं पातेलं कलंडलं. मी पुसायला वाकले, तर त्यांनी डाव्या हातातला चमचा भिंतीवर फेकला. मग ओट्याला टेकून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"जन्मभर दुसऱ्यांना भरवलं गं मी. मला कुणी भरवलेलं सहन होत नाही."

मी सांडलेलं दूध पुसून घेतलं. त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "दुसरं दूध आहे का तुझ्याकडे?"

पावसाळा सरला तेव्हा त्यांनी मिलिंदला आणि सून तेजलला जेवायला बोलावलं. मलाही. पुडिंग स्वतः करणार, कुणी ओट्याजवळ यायचं नाही, असं आधीच बजावलं. साखर उकळू लागली, डाव्या हातातली पक्कड थरथरली, तसा मिलिंद पुढे झाला. तेजलने त्याचं मनगट धरलं. सिस्टरांनी डबा सावकाश फिरवला. साखर सगळीकडे नीट लागली.

खरा पेच डबा उलटा करताना आला. त्याला दोन हात लागतात. त्यांनी डब्यावर ताटली ठेवली, उजवा हात कोपरापासून त्यावर दाबला, डावा खाली घातला आणि छातीशी धरून सगळंच उलटं केलं. डबा वर उचलला. पुडिंग निघालं, पण दोन तुकड्यांत.

सिस्टरांनी वाकून पाहिलं.

"वाचलाय," त्या म्हणाल्या. "थोडा लंगडेल."

मिलिंद हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले. दोनदा मागून खाल्लं त्याने. जाताना म्हणाला, "आई, राहा तू इथेच. मी नाही आता हट्ट करणार."

पुढच्या महिन्यात सिस्टरांनी स्वतःच त्याला फोन केला. ये न्यायला, म्हणाल्या. मी तर हबकलेच. एवढं झगडून राहायचं मिळवलं आणि आता निघाल्या?

"अगं, तेव्हा तो पेशंट न्यायला आला होता," कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या. डावा हात घडी घालत होता, उजवा ती दाबून धरत होता. "आता त्याची आई जातेय. तेजलला बाळ होणार आहे. तिला माझी गरज आहे."

मिलिंद आला त्या दिवशी सगळा मजला जिन्यात जमला होता. पहिल्या पायरीवर त्याने आईचा हात धरायला हात पुढे केला. सिस्टरांनी त्या हातात पिशवी अडकवली.

"ही धर," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत, त्याच्या पुढे उतरू लागल्या.