भरतीच्या तोंडावर काखमांजरी

साताऱ्याला लष्कराची भरती लागली की आठ दिवस आधी माझ्या काखेत ठणकता फोड यायचा. आमच्याकडं त्याला काखमांजरी म्हणतात. पहिल्यांदा आली तेव्हा मी नशिबाला बोल लावला. दुसऱ्यांदाही ऐन वेळी आली आणि हात वर करताच तपासणाऱ्यानं मला रांगेबाहेर काढलं, तेव्हा मात्र मला आईचा संशय आला.

संशयाला कारण होतं. थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत एक पाय गमावून घरी आला होता. मी भरतीचं नाव काढलं की आई चुलीपुढं गप्प बसायची. मग नेमकी भरतीच्या तोंडावरच ताटात अंडी कशी येतात? गुळाच्या पोळ्या कशा होतात? उष्ण खाऊ घालून हीच माझं रक्त बिघडवते, असं मी ठरवूनच टाकलं. हळद-कणकेचं गरम पोटीस ती स्वतःच्या हातानं बांधायची, ते मी गोठ्यामागं जाऊन सोडून टाकायचो. तिसऱ्या भरतीआधी तर मी तिच्या हातचं जेवणच बंद केलं आणि शेजारी चुलतीकडं जेवू लागलो. का, म्हणून आईनं एकदाही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

तरीही फोड आलाच. तेव्हा कुठं मी कराडच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी लघवीतली साखर तपासली, ती नव्हती. मग काख बघून विचारलं, "केस कशानं काढता?"

भरतीला स्वच्छ दिसावं म्हणून आमच्या गावची सगळी पोरं काखा भादरून जायची. मीही पंधरा दिवस आधीपासून तेच करायचो, भावानं दाढी करून ठेवलेल्या जुन्या पात्यानं, कोरड्या अंगावरच.

"मग कारण तेच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पातं बंद करा. फोड पिळू नका, गरम पाण्यानं शेका, टॉवेल वेगळा ठेवा आणि गोळ्या मधेच सोडू नका."

मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी घरी येऊन आईपुढं जेवायला बसलो, पण तोंड उघडलं नाही.

चौथ्या भरतीत मला घेतलं. निघायच्या दिवशी मात्र सगळं सांगून टाकलं, माझ्या संशयासकट. आई फडक्यात दशम्या बांधत होती.

"तुझ्या ताटात मी काय घालीन रं?" ती म्हणाली. "पोटीस मनापास्नं बांधायची मी. पर बांधताना देवाला म्हनायची, एवढी भरती जाऊस्तवर ह्यो फोड बरा हू दिऊ नगंस."

तिनं गाठ घट्ट आवळली. ते गाठोडं साताऱ्यापर्यंत मी मांडीवरून खाली ठेवलं नाही.